बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरची वजनवाढ

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेने उतरलेले वजन काही वर्षांनी थोडेफार किंवा बरेचसे परत चढणे. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून अरुंद नळी उरवणे), गॅस्ट्रिक बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे आणि उरलेले जठर वगळणे) आणि जठराला पट्टा बसवण्याची जुनी पद्धत या तिन्हींनंतर अशी वाढ आढळते. शस्त्रक्रियेनंतर एक ते दोन वर्षांत वजन सर्वांत खाली येते आणि तिथून पुढे बहुतेकांचे थोडे वर सरकते. ही थोडी वाढ अपेक्षितच असते. शस्त्रक्रियेपूर्वीच ती रुग्णाला स्पष्ट सांगायला हवी, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षी काटा वर गेला की ‘माझंच काहीतरी चुकलं’ अशी धास्ती बसत नाही.

या विषयावरची सर्वांत दीर्घ आणि विश्वासार्ह माहिती स्वीडनमधून येते. १९८७ मध्ये तेथे सुरू झालेल्या ‘स्वीडिश ओबीज सब्जेक्ट्स’ या अभ्यासात सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेले आणि तितकेच न झालेले रुग्ण वर्षानुवर्षे तपासले गेले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते. दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली आणि मग जवळपास तिथेच टिकली. पट्टा बसवलेल्यांची घट २० वरून १४ टक्क्यांवर उतरली. म्हणजे कमावलेले थोडे गेले, पण बहुतांश राहिले. त्याच अभ्यासात वय, लिंग आणि इतर जोखमी हिशेबात घेता शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले. वजन काहीसे परत चढूनही हा लाभ मिळाला, आणि निराश झालेल्या रुग्णाला डॉक्टरांनी सर्वांत आधी हेच सांगायला हवे.

किती वाढ झाली म्हणजे काळजी करावी, यावर एकमत नाही. नीचांकापेक्षा १० किलो जास्त, बीएमआयमध्ये (उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक) ५ अंकांची वाढ, घटलेल्या वजनाच्या २५ टक्के वाढ अशा निरनिराळ्या व्याख्या वापरात आहेत. घटलेल्या वजनाच्या किती टक्के परत आले, हे पाहणे त्यातल्या त्यात उपयुक्त ठरते. १२० किलोंवरून ८० वर आलेली व्यक्ती ९० किलोंची झाली, तर घटलेल्यापैकी २५ टक्के वजन परत आले. पण मूळ वजनापेक्षा ती अजून ३० किलोंनी हलकीच आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेतील श्वसनरोध परतला असेल, तर मात्र वाढ लहान असली तरी दुर्लक्ष करू नये.

कारणांचे मूळ बव्हंशी शरीरातच असते. चरबी घटली की तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन कमी होते, भूक वाढते आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जा घटते. ती लहान झालेल्या शरीराच्या मानानेही कमी असू शकते. शस्त्रक्रिया जीएलपी-१ सारखी भूक आवरणारी आतड्यातील संप्रेरके वाढवून या ओढीला तोंड देते, पण ती ओढ कायमची पुसत नाही. त्यात स्नायू झिजले असतील, तर ऊर्जेचा खर्च आणखी घटतो. जठराची नळी किंवा जठर-आतड्याचा जोड सैलावणे, क्वचित बायपासमध्ये वगळलेल्या जठराशी पुन्हा मार्ग जुळणे, रजोनिवृत्ती, थायरॉइडची कमतरता, अपुरी झोप, तसेच इन्शुलिन, स्टेरॉइड आणि काही मानसोपचार औषधे हीही कारणे असतात.

खाण्याची एक पद्धत विशेष घातक ठरते: येताजाता चरणे. लहान जठरात दोन भाकऱ्या मावत नाहीत, पण चहासोबत दोन बिस्किटे, टीव्हीपुढे मूठभर शेव, दुपारी थोडा आमरस हे सहज उतरते. मऊ, कुरकुरीत किंवा पातळ गोड पदार्थ पोटात थांबत नाहीत, त्यामुळे पोट भरल्याची जाणीवच होत नाही. उपवासाला साबुदाणा आणि बटाट्यावर दिवस काढला, तर पिष्ट भरपूर आणि प्रथिने जेमतेम मिळतात. बायपासनंतर काहींना गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम उतरून घाम आणि थरथर सुटते. मग पुन्हा साखर खाल्ली जाते आणि हे चक्र वजन चढवत राहते. ही वैद्यकीय तक्रार आहे, हावरटपणा नव्हे. बायपासनंतर मद्यही वेगाने चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, त्यामुळे डॉक्टरांनी त्याबद्दलही न संकोचता विचारावे.

घरात ‘एवढे पैसे घालून काय झालं?’ असे ऐकावे लागले की रुग्ण दवाखान्यात जायचे टाळतो. उपचारांतला सर्वांत मोठा अडथळा हाच आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. वजन चढू लागताच, ते पुरते परत येण्याआधी, शस्त्रक्रियेच्या चमूकडे जावे. आहाराची नोंद, औषधांचा आढावा आणि रक्ततपासणी होते; गरज पडल्यास एंडोस्कोपी किंवा बेरियम देऊन एक्स-रे काढतात. आहारात रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने ठेवण्याचा सल्ला सामान्यतः देतात: अंडी, मासे, पनीर, दही, डाळी, मोड आलेली कडधान्ये. ताटातले प्रथिन आधी खावे, जेवताना पाणी पिऊ नये, स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. भावनिक ताणातून किंवा आवरता न येणारे खाणे असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. ‘पाऊच रिसेट’ नावाच्या काही दिवसांच्या कडक आहाराने ताणलेले जठर आकसते, याला पुरावा नाही. कडक उपासमार धोक्याचीही आहे, कारण अशा रुग्णांत थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) कमतरता लवकर उद्भवू शकते.

औषधांची भर हा अलीकडचा मोठा बदल. शस्त्रक्रियेनंतर पुरेसे वजन न घटलेल्या ७० जणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिराग्लुटाइड (जीएलपी-१ सारखे काम करणारे औषध) घेणाऱ्यांचे वजन २४ आठवड्यांत सुमारे ८.८ टक्के घटले, तर निव्वळ आहार-व्यायामाच्या सल्ल्यासोबत प्लॅसिबो (औषध नसलेली नकली मात्रा) घेणाऱ्यांचे ०.५ टक्के. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड याहून प्रभावी असून वजन घटवण्यासाठी २०२५ पासून भारतातही मिळतात. मात्र औषध थांबवल्यावर वजन बरेचसे परत येते. त्यामुळे खर्चाचा विचार दीर्घ मुदतीचा करावा लागतो.

फेरशस्त्रक्रिया हा नंतरचा पर्याय. स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करतात किंवा सैल झालेला जोड एंडोस्कोपीतून टाके घालून आवळतात. फेरशस्त्रक्रियेत गुंतागुंतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त आणि वजनातील घट बहुधा कमी असते. तीव्र आम्लपित्तही सोबत असेल, तर स्लीव्हचे बायपास करणे अधिक सार्थ ठरते. कोणताही मार्ग निवडला, तरी बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या पूरक गोळ्या व वार्षिक रक्ततपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.