हात काळे करणारं खनिज: पायरोल्युसाइट

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत बोअरवेलचं पाणी पेल्यात अगदी नितळ दिसतं. पण त्यात मँगनीज असेल, तर तेच पाणी साठवलेल्या टाकीच्या भिंतीवर काही आठवड्यांत काळपट बुळबुळीत थर धरतो. जमिनीखाली ऑक्सिजन नसतो म्हणून मँगनीज विरघळलेलं राहतं. वर हवा लागली की त्याचा काळा ऑक्साइड होऊन बसतो. या ऑक्साइडचं निसर्गातलं सुघड स्फटिकरूप म्हणजे पायरोल्युसाइट.

हे मँगनीज डायऑक्साइड. वजनात सुमारे 63 टक्के मँगनीज, बाकी ऑक्सिजन. रंग पोलादी करडा ते काळा, कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) काळा, विशिष्ट गुरुत्व 4.4 ते 5, म्हणजे पाण्याच्या तितक्या पट जड. कठिनतेचा आकडा मात्र चकवतो. चांगल्या स्फटिकाची कठिनता 1 ते 10 च्या मोहस मापावर 6 ते 6.5, म्हणजे काचेवर ओरखडा उठतो. पण खाणीतला मातकट प्रकार नखानेही खरवडतो आणि बोटांना काजळीसारखा लागतो. तिथे खनिज मऊ झालेलं नसतं, त्याचे बारीक कण एकमेकांना धरून नसतात एवढंच.

ठाण्याजवळच्या पारसिक किंवा येऊरच्या डोंगरात बेसाल्टच्या फटीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर ती वनस्पतीचा जीवाश्म समजू नये. फटीतून झिरपलेल्या पाण्याने मँगनीजचे ऑक्साइड मागे ठेवून ती काढलेली असते. जुनी पुस्तकं तिला सरसकट पायरोल्युसाइट म्हणतात, पण क्ष-किरणांनी तपासल्यावर बहुतेकदा मँगनीजची दुसरी ऑक्साइडं निघतात.

घरी एवढी पारख करता येते. लादीच्या मागच्या, ग्लेझ नसलेल्या बाजूवर तुकडा घासा. रेघ तांबडी आली तर हेमॅटाइट हे लोहखनिज, तपकिरी आली तर मँगनाइट या मँगनीजच्याच दुसऱ्या खनिजाची शक्यता. काळी आली तर आधी चुंबक लावा, कारण मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचा कसही काळाच असतो. ओढ्यातली चुंबकाला चिकटणारी काळी वाळू बहुतेक तीच. चुंबकाला दाद दिली नाही, तर मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन-तीन थेंब टाका. मँगनीज डायऑक्साइडवर ते लगेच फसफसतं. बुडबुडे ऑक्सिजनचे असतात आणि खनिज जसंच्या तसं राहतं. गफलत इथेच होते: माती आणि शेवाळातल्या विकरामुळेही (एन्झाइममुळेही) फेस येतो. म्हणून तुकडा आधी ब्रशने घासून दहा मिनिटं पाण्यात उकळावा, मग तपासावा.

संडास साफ करायचं ॲसिड मात्र यावर कधीही ओतू नये. स्वीडनमधल्या शीले या रसायनशास्त्रज्ञाने 1774 मध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हेच खनिज एकत्र करून क्लोरीन वायू मिळवला होता. बंद न्हाणीघरात तो छातीत भरतो. टाकीतला काळा थर काढायलाही ब्रश आणि पाणीच वापरावं.

महाराष्ट्रातला मोठा साठा ठाण्याकडच्या बेसाल्टात नाही; तो नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या खडकांत आहे. तिथली मँगनीजयुक्त खनिजं, उदाहरणार्थ ब्राउनाइट, पृष्ठभागाजवळ पाणी आणि ऑक्सिजन लागून बदलली आणि पायरोल्युसाइट झालं. त्यामुळे खोल जावं तसं त्याचं प्रमाण घटतं. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गची उघडी खाण बॅटरीच्या सेलसाठी लागणाऱ्या डायऑक्साइड प्रतीच्या खनिजासाठी ओळखली जाते. साध्या झिंक-कार्बन सेलमधली काळी भुकटी म्हणजे हेच संयुग, कार्बनमध्ये कालवलेलं.

आणि काळा थर धरणाऱ्या बोअरवेलच्या पाण्यावर उताराही हाच. फिल्टरमध्ये पायरोल्युसाइटचे दाणे भरतात. विरघळलेलं मँगनीज आधी त्यांच्या पृष्ठभागावर चिकटतं आणि तिथेच त्याचा ऑक्साइड होतो. त्यासाठी पाण्यात थोडं क्लोरीन लागतं: 1 मिलिग्रॅम मँगनीजला हिशेबाने सुमारे 1.3 मिलिग्रॅम. ते बंद पडलं की दाण्यांची ताकद हळूहळू संपते आणि मँगनीज तसंच पुढे जातं. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला 0.1 मिलिग्रॅमपर्यंतच असावं. दुसरा स्रोत नसेल तर 0.3.

पण असे फिल्टर बहुधा फसतात ते उलट धुण्यात, म्हणजे गाळ काढायला खालून वर पाणी सोडण्यात. हे दाणे वाळूपेक्षा खूप जड असतात. एक फूट व्यासाच्या टाकीत ते उचलून मोकळे करायला मिनिटाला सुमारे 70 लिटरचा झोत लागतो. वाळूच्या फिल्टरचा पंप तसाच ठेवला तर दाणे हलत नाहीत, गाळ अडकून गोळे होतात आणि पाणी मधल्या एखाद्या वाटेने न गाळताच निघून जातं. दाणे बदलण्याचा खर्च करण्याआधी पंपाचा झोत बादली लावून मोजावा.