पळून गेलेली हॅरिएट, सोडवून आणलेला सॉलोमन

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय आपल्याकडे निघतो तो बहुतेक वेळा जोतीराव फुल्यांमुळे. १८७३ सालचं 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं. मग वर्गात काहीतरी दाखवावं म्हणून शिक्षक शोधायला लागतात आणि दोन चित्रपट हाताला लागतात: 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (२०१३) आणि 'हॅरिएट' (२०१९). दोन्ही सत्यकथा, दोन्ही 'गुलामगिरीतून पलायन' या एकाच खात्यात जमा. खरं तर पलायनाचा चित्रपट त्यातला एकच.

'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह'चा नायक सॉलोमन नॉर्थप पळून सुटला नाही. तो न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला स्वतंत्र माणूस, उत्तम व्हायोलिन वाजवायचा. १८४१ मध्ये सर्कशीत काम देतो असं सांगून दोघांनी त्याला वॉशिंग्टनला नेलं आणि तिथे तो गुलामांच्या व्यापाऱ्याच्या हाती पडला. पुढची बारा वर्षं लुइझियानात गुलाम म्हणून. सुटला तो पत्रामुळे आणि कायद्यामुळे. सॅम्युअल बास या मूळच्या कॅनडाच्या सुताराने १८५२ मध्ये त्याच्यासाठी उत्तरेत, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यांत, पत्रं धाडली. पळवून विकलेल्या स्वतंत्र नागरिकांना परत आणण्यासाठी न्यूयॉर्कने १८४० मध्ये कायदा केलेला होता. त्याखाली गव्हर्नरने नेमलेला वकील हेन्री नॉर्थप लुइझियानात पोचला आणि जानेवारी १८५३ मध्ये सॉलोमनला सोबत घेऊन निघाला.

हॅरिएट टबमनच्या बाजूने असा कुठलाच कागद नव्हता. मेरीलँडच्या कायद्याने ती मालकाची मालमत्ता होती, त्यामुळे तिचं पळणं हाच गुन्हा. १८४९ च्या शरद ऋतूत ती दोन भावांबरोबर निघाली, भाऊ कचरले म्हणून परतली आणि मग एकटीच गेली. मालकिणीने ऑक्टोबरमध्ये या तिघांसाठी दिलेली जाहिरात आज उपलब्ध आहे. त्यात तिचं नाव मिंटी, वय सुमारे २७, उंची सुमारे पाच फूट; राज्याबाहेर सापडल्यास प्रत्येकी शंभर डॉलर, राज्यात सापडल्यास पन्नास. हा मजकूर मुलांपुढे ठेवा आणि हरवलेल्या जनावराची जाहिरात यापेक्षा कितपत वेगळी असती, एवढंच विचारा. पुढे तासभर बोलायची गरज पडत नाही.

'मग सॉलोमन का नाही पळाला?' हा प्रश्न वर्गात येणारच. इथे नकाशा काढावा. मेरीलँडला लागून पेनसिल्व्हेनिया, म्हणजे गुलामगिरी नसलेलं राज्य. लुइझियाना मात्र पार दक्षिणेला. भोवती दलदल, मागे शिकारी कुत्री, आणि मालकाचा परवाना जवळ नसलेल्या काळ्या माणसाला कोणीही गोऱ्याने अडवावं अशी रीत. सॉलोमनने आधीही पत्र पाठवायचा प्रयत्न केला होता. झाडाची साल उकळून शाई केली, बदकाच्या पिसाची लेखणी केली. ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानेच चुगली केली. त्याला भित्रा ठरवून मुलं घरी गेली, तर चित्रपट न दाखवलेला बरा.

आता गंमत बघा. सॉलोमनचा चित्रपट त्याच्या १८५३ च्या आत्मकथनाला बराचसा धरून आहे. अपवाद आहेत: जहाजावर खलाशी एका गुलामाला भोसकतो तो प्रसंग पुस्तकात नाही, तिथे तो माणूस देवीच्या रोगाने मरतो. पलायनाची खरी गोष्ट सांगणाऱ्या 'हॅरिएट'मध्ये मात्र मसाला जास्त. मालकाचा मुलगा गिडियन काल्पनिक, पाठलाग करणारा काळा शिकारी बिगर लाँगही काल्पनिक. स्वतः सुटल्यावर ती इतरांना सोडवायला परत परत जायची आणि या खऱ्या कामात धावपळीपेक्षा हिशेब मोठा होता. लांब रात्रींसाठी ती हिवाळा निवडायची, निघायला शनिवारची रात्र बरी, कारण पळालेल्यांची जाहिरात सोमवारच्या आत छापून येत नसे. सुमारे १३ खेपांत तिने जवळपास ७० जणांना बाहेर काढलं. ३०० लोक आणि तिच्या डोक्यावर चाळीस हजार डॉलरचं इनाम, हे जुन्या चरित्रांनी फुगवलेले आकडे. ते फळ्यावर लिहू नयेत. १८५० च्या कायद्याने पळालेल्यांना उत्तरेतूनही पकडून नेणं खूप सोपं झालं, तेव्हा तिने माणसं थेट कॅनडात पोचवली. हा कायदा समजावून सांगितला नाही, तर पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाला पोचूनही ती थांबत का नाही हे मुलांना कळत नाही.

एकच तास हाताशी असेल तर मी 'हॅरिएट'मधला पळून जाण्याचा भाग आणि ती जाहिरात घेईन. 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' आठवी-नववीला सबंध दाखवू नये. पॅट्सी या गुलाम तरुणीला फटके मारण्याचं दृश्य लांब आहे आणि फार अंगावर येतं. मोठ्या मुलांना तो दाखवाल तेव्हा सुटकेवर थांबू नका, पुढचा खटलाही सांगा. सॉलोमनला विकणाऱ्या जेम्स बर्चवर वॉशिंग्टनमध्ये खटला उभा राहिला, पण काळ्या माणसाची गोऱ्याविरुद्धची साक्ष तिथे चालत नव्हती. सॉलोमन न्यायालयात हजर होता. त्याला बोलू दिलं नाही आणि बर्च सुटला.