माडावर चढण्याआधी: आमच्या बागायतदारांसाठी

“नारळ पाडायला कधी येताय?” असा फोन आम्हाला रोज येतो. “माड बघायला कधी येताय?” असं विचारणारा वर्षातून एखादाच. खरं तर आम्ही पैसे घेतो ते या दुसऱ्या कामाचे. सुकलेला नारळ काय, कधी ना कधी आपोआपही खाली येतो. पण शेंड्यात काय चाललंय ते जमिनीवरून दिसत नाही, आणि माडाला शेंडा एकच. तो गेला की बाजूने फुटवा यायचा नाही, माड गेलाच.

म्हणून आमचा दर माडामागे आहे, नारळामागे नाही. नारळामागे पैसे ठरले की वर गेलेल्या माणसाचा हात कवळ्या पेंडीकडेही, म्हणजे कच्च्या नारळांच्या घडाकडेही जातो. मोजणी वाढते, मालक खूश होतो आणि दोन महिन्यांनी खोबरं पातळ निघालं म्हणून माडाला नावं ठेवतो.

फेरी ४५ दिवसांची का?

लागता माड साधारण महिन्याला एक नवी झावळी काढतो आणि झावळीच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलांचा तुरा येतो. पोय फुटल्यापासून नारळ पुरता पिकायला ११ ते १२ महिने लागतात. म्हणजे चांगल्या माडावर एकाच वेळी पोयीपासून सुकलेल्या नारळापर्यंत सगळ्या वयाची बाळं असतात. दीड महिन्याने गेलं की एखाद-दुसरी पेंड उतरवण्याजोगी झालेली असते. वर्षातून दोनदाच चढायचं ठरवलं, तर तयार पेंड खाली गळते आणि भुंग्याला मात्र सहा महिने मोकळं रान मिळतं.

गेंड्या भुंगा रात्री शेंड्यात शिरतो आणि न उलगडलेली कोवळी पानं कुरतडतो. ती पानं उघडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसतात. तुम्हाला खालून दिसतात ते हे त्रिकोण. तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. वर बसलेल्याला त्याआधीची खूण सापडते: झावळीच्या बुडाशी भोक आणि भोकाच्या तोंडाशी चावून टाकलेला ओला चोथा. तिथे तारेचा आकडा घालून फिरवला की भुंगा टोचून बाहेर येतो, अंगठ्याएवढा, काळा कुळकुळीत, डोक्यावर शिंग. लहान माडांच्या बेचक्यात आम्ही दर फेरीला तीन डांबरगोळ्या ठेवून वर बारीक वाळू टाकतो. भुंग्याची पैदास मात्र तुमच्या शेणखड्ड्यात होते. तो उपसायचं काम तुमचं.

खाचा पाडणार नाही

जुन्या बागांत माडाला पायऱ्यांसारख्या खाचा दिसतात. चढायला सोपं पडतं म्हणून अजूनही काही जण सांगतात, “दोन कोयत्या मारा ना.” नाही मारणार. आंब्या-फणसाची जखम सालीने हळूहळू भरून येते. माडाला तशी वाढती साल नसते, त्यामुळे खाच जन्मभर उघडी राहते. त्या ओल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, अंडी घालतो आणि अळ्या आतला गर खात सुटतात. खोडाला कान लावला तर कधी कधी कुरकुर ऐकू येते. बुंध्यावरच्या भोकातून तांबूस चिकट पाणी आलेलं दिसलं, तर पुढच्या फेरीची वाट न बघता आम्हाला फोन करा. शेंडा कलल्यावर केलेल्या फोनचा उपयोग नसतो.

आमच्या माणसाच्या अंगावर काय असतं

आमच्या वडिलांच्या पिढीतला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, सुंभाचा फास पायात अडकवायचा, खोडाला मिठी मारायचा आणि बेडकासारखा वर सरकायचा. कमरेला आकडी, आकडीत कोयता, बस्स. छातीवर आणि पोटऱ्यांच्या आतल्या बाजूला घट्टे पडलेले असायचे. त्या वेगाने चढणारा आज सापडणं कठीण. पोरं मुंबईला गेली, मालवणच्या बोटींवर गेली, हॉटेलांत गेली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पडलेल्या पाडेल्याचं घर कसं चालतं ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं असतं.

आम्ही शिडीयंत्र वापरतो. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीचं म्हणून ओळखलं जातं ते. त्याचे डावा-उजवा असे दोन भाग. प्रत्येकाला पाय ठेवायला पायरी, हाताने उचलायला दांडा आणि खोडाभोवती घेतलेला तारेचा दोर. पायरीवर वजन पडलं की दोर खोडाला आवळतो, वजन काढून दांडा उचलला की सैल होतो. एक पाय भार घेतो तोवर दुसरा वर सरकतो. खोडाला टेकणारा भाग रबराचा आहे, त्यामुळे खोड सोलवटत नाही. पण शेवाळलेल्या ओल्या खोडावर हेच रबर घसरतं. पावसाची सर येऊन गेली की आम्ही खोड वाळेपर्यंत पडवीत बसून राहतो. त्याला कामचुकारपणा म्हणू नका.

पाडेल्याच्या अंगात मांड्या, कंबर आणि खांदे धरणारा पूर्ण पट्टा असतो. नुसता कमरपट्टा आम्ही बंद केला, कारण पडताना तो पोटात रुततो किंवा माणूस उलटा होतो. पट्ट्याचा स्वतंत्र दोर खोडाभोवती असतो, म्हणजे यंत्र निसटलं तरी माणूस लटकून राहतो. मात्र लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठू लागतं, त्याला काही मिनिटांतच खाली घ्यावं लागतं. “एकाच्या कामाला दोघे कशाला?” याचं उत्तर हे आहे. खालचा माणूस पेंडी गोळा करताना दिसतो खरा, पण त्याच्या खांद्यावर दुसरा दोर असतो आणि त्याला वर चढता येतं.

सगळ्यात धोक्याची जागा मधल्या खोडावर नाही, शेंड्याखाली आहे. यंत्र तिथे थांबतं. पुढे हात झावळ्यांवर जातो. सुकलेली झावळी दिसायला दणकट असते, पण बुडाशी सुटलेली असू शकते. मी विशीत असताना अशाच एका झावळीवर भार टाकला. ती हातात आली, आणि मी खालच्या पेंडीवर आपटून तिथेच अडकलो म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: आधी हिरव्या झावळीच्या बुडाला हात, मग दोर वर सरकवायचा, आणि दोर पक्का झाल्याशिवाय कोयता आकडीतून काढायचा नाही.

आमच्या मुलांनी नारळ विकास मंडळाचं ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हे प्रशिक्षण घेतलेलं आहे. मंडळाने ते २०११ साली सुरू केलं. पाडेल्यांसाठी मंडळाची ‘केरा सुरक्षा’ नावाची विमा योजना आहे. दुसऱ्या कुणाकडून काम करून घेत असाल, तर त्या माणसाचा विमा आहे का, एवढं तरी विचारा.

हिरवी झावळी मागू नका

लग्नसराईत मांडवाला झाप हवेत म्हणून हिरव्या झावळ्या तोडायला सांगतात. पेंड खालच्या झावळीवर टेकून वाढते. टेकू काढला की देठ मोडतो आणि कवळे नारळ गळतात. आम्ही फक्त वाळलेल्या झावळ्या, जुन्या पोयी आणि झावळीच्या बुडाशी सुटलेली तंतूंची जाळी काढतो. तेवढ्यातही हिरांचे खराटे घरापुरते होतात.

मेअखेरची फेरी चुकवू नका. तेव्हा शेंडा साफ करून एक टक्का बोर्डो मिश्रण फवारलं, म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, तर पावसात कोंब कुजण्याची भीती बरीच कमी होते. गणपतीसाठी नारळ हवे असतील तर आषाढातच कळवा. गणपतीआधीच्या पंधरवड्यात सगळ्यांनाच आम्ही हवे असतो आणि पाऊस कुणाचं ऐकत नाही.

आम्ही येणार त्या दिवशी

सकाळी साडेसहाला सुरू करतो, अकराच्या उन्हाआधी बरंचसं आटपतो. जोडी दिवसाला तीसेक माड करते, बाग चढउताराची असेल तर कमी.

विजेची तार माडाजवळून जात असेल तर आधी सांगा. झावळी पाच-सहा मीटर लांब असते, ओली झावळी तारेला टेकली तर वरच्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. लाइन बंद करून घेतल्याशिवाय त्या माडाला आम्ही हात लावत नाही. गांधीलमाशीचं पोळं किंवा ओंबिलांची, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची, घरटी दिसली असतील तर तेही सांगा. पन्नास फुटांवर माशी चावली तर पळायला जागा नसते.

मुलं, म्हातारी माणसं आणि गाड्या माडाखालून हलवा. १५ मीटरवरून सुटलेला नारळ पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो, आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास असतो. खालून “बाजूला!” ओरडेपर्यंत तो पोहोचलेला असतो. गोठ्यावर किंवा कौलांवर झुकलेल्या माडाची पेंड आम्ही दोराने उतरवतो, त्याला वेळ जास्त लागतो आणि दरही थोडा जास्त आहे. रोपासाठी ठेवायचे नारळ असतील तर तेही दोरानेच, आधी सांगितलंत तर.

मुंबईत असणाऱ्या मालकांसाठी: प्रत्येक माडावर चुन्याने नंबर घालतो. फेरी झाली की नंबरवार नारळांची मोजणी आणि शेंड्याचा एक फोटो व्हॉट्सॲपवर येईल. फोटोत नवीन पान त्रिकोणी कापलेलं दिसलं तर लगेच विचारा, आमच्या नजरेतूनही एखादा माड सुटतो.

पाण्याचा तांब्या आणि जमलं तर पेज ठेवा. कुत्रा बांधून ठेवा.