केमोनंतरचा चौथा दिवस

कोल्हापुरात कॅन्सरच्या रुग्णाला भेटायला येणारा माणूस बहुधा तालमीची भाषा बोलतो. ‘हिंमत सोडायची नाही, आजाराला चितपट करायचं,’ हे वाक्य माझ्या मावशीने स्तनाच्या कॅन्सरवरील उपचारांच्या काळात इतक्या वेळा ऐकले, की पुढे पुढे पाहुण्याने सुरुवात करताच तीच ते पुरे करत असे. खासबागच्या कुस्ती मैदानाच्या गावात ही उपमा सुचणे स्वाभाविक आहे आणि देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण कुस्ती हरणारा कुठेतरी कमी पडला, असे आपण गृहीत धरतो. मग गाठ पुन्हा वाढली, तर रुग्ण मनाने कमी पडला असे म्हणायचे काय?

हा प्रश्न संशोधकांनी तपासून पाहिलेला आहे. १९७९ साली लंडनमधील एका छोट्या अभ्यासात झुंजार वृत्तीच्या रुग्णांची प्रकृती पुढे अधिक चांगली राहिल्याचे दिसले आणि ती समजूत जगभर रुजली. मात्र १९९९ साली, प्राथमिक अवस्थेतील स्तनाचा कॅन्सर असलेल्या ५७८ स्त्रियांचा किमान पाच वर्षे पाठपुरावा करून प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात झुंजार वृत्तीचा आयुर्मानाशी काहीच संबंध आढळला नाही. अगदी हताश झालेल्या स्त्रियांमध्ये धोका काहीसा वाढलेला दिसला खरा. पण इतक्या खोल निराशेवर उपाय करायचा तो समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधाने, ‘मन घट्ट कर’ असे बजावून नव्हे. पुढे २००७ साली तोंड, घसा अशा डोके-मान भागातील कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हाही मनःस्थितीवरून कोण किती जगेल हे सांगता आले नाही. मला यात मोठा दिलासा वाटतो, कारण रडू आले म्हणून आजार बळावत नाही, असे रुग्णाला खात्रीने सांगता येते.

मग उमेद कशासाठी हवी? उपचारांचे महिने निभावण्यासाठी. आणि त्या महिन्यांत तिचा चढउतार बऱ्याच अंशी शरीरातील रसायने ठरवतात. मावशीच्या केमोचे चक्र २१ दिवसांचे होते. डोस झाला की पहिले तीन दिवस ती उत्साहात असे, रात्री बारापर्यंत बोलत बसे, आणि चौथ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राही. घरच्यांना वाटे, कुणाच्या तरी बोलण्याने तिचे मन दुखावले असावे. खरे कारण गोळ्यांच्या पाकिटात होते. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अनेकदा दिले जाते. त्याने झोप उडते, तरतरी येते आणि ते थांबताच थकवा व उदासी एकदम अंगावर येऊ शकते. त्यातच केमोमुळे शरीरात दाह निर्माण करणारी रसायने वाढतात आणि मेंदूपर्यंत त्यांचा संदेश पोचला, की भरतापात होते तसे होते; जेवण नको, माणसे नकोत, कूससुद्धा बदलू नये असे वाटते. डॉक्टरांनी हे समजावून दिल्यावर मावशीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक चक्रातल्या चौथ्या दिवसाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि मला सांगितले, ‘त्या दिवशी कुणाला येऊ देऊ नकोस, पाचव्या-सहाव्याला मी बोलतो सगळ्यांशी.’ उदासी त्यानंतरही आलीच, पण तिची तारीख माहीत झाली होती.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९१ साली आशेची जी व्याख्या मांडली, ती या पेन्सिलीच्या खुणांच्या जवळची आहे. त्यांच्या मते ‘सगळे ठीक होईल’ ही भावना म्हणजे आशा नव्हे. एखादे उद्दिष्ट, तिथे पोचण्याच्या एकाहून अधिक वाटा आणि त्या वाटेने आपण चालू शकू हा विश्वास मिळून आशा बनते. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, म्हणजे आपल्या भाषेत काउंट उतरतात, आणि तेव्हा संसर्गाच्या भीतीने गर्दी टाळावी लागते. मावशीला अंबाबाईच्या दर्शनाची ओढ होती. काउंट सावरले, तर अठराव्या दिवसानंतर सकाळी लवकर, गर्दी नसताना देवळात जायचे आणि नाही सावरले, तर बाहेरूनच कळसाला हात जोडायचे, असे तिने आधीच ठरवून टाकले होते. कळसदर्शनाची सोय आपल्या परंपरेत कुणी केली ठाऊक नाही, पण स्नायडर यांची दुसरी वाट ती हीच.

वेदना, मळमळ आणि निद्रानाश अंगावर काढत कुणालाही अशा वाटा सुचत नाहीत. म्हणून असे त्रास कमी करणारे उपचार, ज्यांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ते ‘डॉक्टरांनी हात टेकले’ या अर्थी घेणे चूक आहे. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर बोस्टनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून ही सेवा मिळालेल्यांमध्ये नैराश्य कमी होते. शिवाय त्यांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ८.९ ऐवजी ११.६ महिने भरले. दुखणे लपवणे ही हिंमत समजली जाते त्या आपल्या भागात हे जरा मोठ्याने सांगायला हवे. पैशाच्या काळजीचेही तसेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात, तेव्हा चौकशी पहिल्याच आठवड्यात करावी.

पाचव्या डोसच्या वेळी मावशीचे काउंट कमी आले आणि डोस आठवडाभर पुढे गेला. घरी येऊन तिने खोडरबर मागितले, जुने गोल पुसले आणि नव्याने दिवस मोजले, तर चौथा दिवस नेमका नातवाच्या वाढदिवसावर येत होता. वाढदिवस तिने चार दिवस अलीकडे ओढला.