बॉल नुसता मागितला का नाहीस?

शाळेच्या जुन्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच फॉरवर्ड येतो, सरांची छडी गेली आणि पोरं हाताबाहेर गेली, आता शाळेत मारामाऱ्या होणारच. खाली दहा-बारा अंगठे. यावेळी मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की इथेच लिहितोय.

आधी एक खेळ सांगतो. शिकागोच्या शाळांमध्ये मुलग्यांसाठी 'बिकमिंग अ मॅन' नावाचा प्रोग्रॅम चालतो, आठवड्याला एक तास, शाळेच्या वेळेतच, छोट्या ग्रुपमध्ये. त्यात मुलांच्या जोड्या लावतात, एकाला बॉल देतात आणि दुसऱ्याला सांगतात, ३० सेकंदांत त्याच्याकडून बॉल घे. झालं, बोटं पिरगाळणं, ढकलाढकली, लोळालोळी. मग अदलाबदल, परत तेच. नंतर सर विचारतात, अरे कोणी नुसता मागितला का नाही? मुलं म्हणतात, मागून कोण देतंय, उलट मलाच नेभळट समजला असता. मग ज्याच्याकडे बॉल होता त्याला विचारतात, मागितला असता तर? आणि तो बहुतेकदा म्हणतो, दिला असता की, साधा बॉल तर आहे!

मला हा खेळ प्रचंड आवडतो, कारण मारामारी कुठून सुरू होते ते त्यात उघडं दिसतं. समोरच्याच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसत नाही, आपण ते धरून चालतो. केनेथ डॉज नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास हेच तपासलं. मुद्दाम केलं की चुकून झालं हे कळणारच नाही असा प्रसंग मुलांपुढे ठेवला, तर सतत भांडणाऱ्या मुलांना तो मुद्दाम केलेला वाटण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे धक्का सगळ्यांना सारखाच लागतो, पण एखाद्याच्या डोक्यात त्याचा अर्थ "याने मला डिवचलं" असा लागतो आणि तोही इतक्या पटकन की आपण काही अर्थ लावला हेच त्याला कळत नाही.

आता यातला खरा गुंता. ज्या वस्तीत नमतं घेतलं की उद्या चार जण तुम्हाला लुटतात, तिथे पटकन अंगावर जाणं हा मूर्खपणा नाही, ती तिथे टिकायला लागलेली सवय आहे. मुश्किल अशी की तीच सवय वर्गातही चालू राहते, बाईंनी "गप्प बस" म्हटलं तरी आतून तोच गिअर पडतो. म्हणून हा प्रोग्रॅम "कधीच भांडू नका" असं सांगत नाही, मुलांना ते पटणारही नाही. तो फक्त थांबून बघायला शिकवतो, की आत्ता मी कुठे आहे, समोर कोण आहे आणि मी जे धरून चाललोय ते खरं आहे का.

हे नुसतं ऐकायला छान नाही, मोजलेलंही आहे. शिकागोत २००९-१० मध्ये आणि नंतर २०१३-१५ मध्ये प्रोग्रॅममध्ये कोणाला घ्यायचं याची चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढली. नाव निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच प्रत्यक्ष आले, त्यामुळे आधी नाव निघालेले सगळे आणि न निघालेले सगळे यांच्यातला फरक काढायचा आणि मग हजर राहिलेल्यांच्या प्रमाणाने भागायचा, नाहीतर मुळात शहाणी मुलंच आली असतील ही शंका राहते. तसं करून हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्के कमी निघाल्या. पण पहिल्या अभ्यासातल्या मुलांचं पुढेही बघितलं, तर प्रोग्रॅम संपल्यावर अटकांमधला फरक टिकला नाही. शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण मात्र वाढलेलं होतं.

याच्या उलट कडक शिक्षेचा रस्ता. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने शाळेत बंदूक आणली तर किमान एक वर्ष बाहेर असा नियम आला, मग तीच 'झिरो टॉलरन्स'ची, म्हणजे चूक झाली की सरळ कडक शिक्षा, भाषा साध्या मारामारीपर्यंत आली. २००८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या टास्क फोर्सने सगळे अभ्यास चाळले, तर त्याने शाळा जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळाला नाही. आणि कसा मिळणार? शिक्षेची भीती हिशोब करणाऱ्याला, इथे हिशोबाआधीच हात सुटलेला असतो, वर घरी बसवलं की पोरगा दिवसभर त्याच रस्त्यावर.

आपल्याकडे असा मुलगा असला की पत्रिकेत मंगळ बघून पोवळं घालतात, नाहीतर डोळ्यांवर पट्टी बांधून मेंदू जागा करतो म्हणणाऱ्या मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या क्लासला हजारो रुपये भरतात. कृपया नका करू हे, त्या पोराला दगड नकोय आणि डोळ्यांवर पट्टीही नकोय, त्याचं ऐकून घेणारं कोणीतरी हवंय.

छडीचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, आणि कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला काढूनही टाकता येत नाही. म्हणजे शिक्षकाच्या हातातलं काढलं ते बरोबरच, पण त्या जागी काय द्यायचं हे साठ पोरांच्या वर्गासमोर उभ्या असलेल्या बाईंना कोणी शिकवलं नाही. मूल्यशिक्षणाचा तास बऱ्याच शाळांच्या टाइमटेबलमध्ये आहे. फळ्यावर सुविचार लिहून तो संपवण्याऐवजी एक दिवस नववीच्या वर्गात बॉल घेऊन जा.