सात आणि सहा संघांचे न जुळणारे वेळापत्रक

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये वेळापत्रक जाहीर झाले की कोणाला झुकते माप मिळाले यावर वाद सुरू होतो. आयोजकांवर पक्षपाताचा आरोप करणे सोपे असते, पण कधी कधी दोष निव्वळ बेरजेचा असतो. 2012 मध्ये मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या महाविद्यालयीन संघांच्या एका गटात, 13 संघ होते: पूर्व विभागात 7 आणि पश्चिम विभागात 6. प्रत्येक संघाने कॉन्फरन्समध्ये 8 सामने खेळावेत आणि आपल्या विभागातील प्रत्येकाशी एकदा भिडावे, या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. मात्र त्या एकत्र पूर्ण होऊच शकत नाहीत.

पूर्वेच्या संघाचे स्वतःच्या विभागात 6 सामने झाले की पश्चिमेसाठी 2 उरतात, म्हणून दोन विभागांमधील सामने पूर्वेकडून मोजल्यास 14 भरतात. पश्चिमेचा संघ घरच्या विभागात 5 खेळतो, त्याचे 3 उरतात आणि तिकडून मोजणी 18 येते. सामने तेच असताना ही दोन उत्तरे वेगळी असणे अशक्य आहे.

हेच व्यापक रूपात मांडू. विभागांत म आणि न संघ असतील व प्रत्येकाचे स सामने असतील, तर म(स − म + 1) = न(स − न + 1) हे समीकरण पाळले गेले पाहिजे. सर्व पदे एका बाजूला घेऊन अवयव पाडले की (म − न)(स + 1 − म − न) = 0 मिळते. म आणि न असमान असतील, तर स = म + न − 1 हा एकच मार्ग उरतो, म्हणजे प्रत्येकाने सर्वांशी खेळायचे. 13 संघांसाठी ते 12 सामने होतात आणि नियमित हंगामच 12 सामन्यांचा असल्याने बाहेरच्या प्रतिस्पर्ध्यासाठी एकही तारीख उरत नाही. शिवाय मग विभाग पाडायचे तरी कशाला?

सामने 8 च ठेवायचे, तर पूर्वेतील 7 संघांच्या, प्रत्येकी 8 प्रमाणे, 56 जागांपैकी किमान 18 पश्चिमेसाठी जातात, उरलेल्या 38 जागांत 19 सामने बसतात आणि पूर्ण साखळीला 21 लागतात. पूर्वेतील किमान दोन जोड्या त्या हंगामात समोरासमोर येतच नाहीत. प्रत्येकी 9 सामने ठेवण्याचा उपायही चालत नाही, कारण 13 × 9 = 117 ही संख्या विषम आहे आणि प्रत्येक सामना दोन संघांच्या खात्यात मोजला जातो; गणितज्ञ ऑयलरने 1736 मध्ये कोनिग्सबर्ग शहरातील पुलांच्या कोड्यावर लिहिताना हाच सम-विषमाचा युक्तिवाद वापरला होता. कृत्रिम बुद्धिमत्ता कोणतेही वेळापत्रक लावून देते अशा जाहिराती करणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करून पाहावा.

2015 च्या हंगामानंतर मॅसॅच्युसेट्सचा संघ बाहेर पडला, दोन्ही विभागांत 6-6 संघ उरले, पहिला अवयव (म − न) आपोआप शून्य झाला आणि घरच्या विभागातले 5 व पलीकडचे 3 अशा 8 सामन्यांची वाटणी बिनतक्रार बसली.