‘अप्रत्यक्ष अंमल’ म्हणजे नेमका कुणाचा अंमल?

1884-85 च्या बर्लिन परिषदेत युरोपीय सत्तांनी आफ्रिकेतला मुलूख बळकावण्याचे नियम ठरवले, आणि त्यानंतर पश्चिम आफ्रिकेचे लचके तोडले गेले. हाती आलेला मुलूख चालवण्याच्या दोन तऱ्हा त्यानंतर नेहमी समोरासमोर मांडल्या गेल्या. फ्रान्स म्हणे, आम्ही माणसाला फ्रेंच करतो. ब्रिटन म्हणे, आम्ही त्याच्याच राजाकरवी कारभार करतो.

ब्रिटिशांचा ‘अप्रत्यक्ष अंमल’ हा शब्द फार फसवा आहे. उत्तर नायजेरियात त्यात थोडंफार तथ्य होतं. 1903 मध्ये सोकोटो ही तिथली मुस्लिम सल्तनत पडली, तरी अमीर, काझी आणि करवसुली ही घडी ठेवून वर गोरा रेसिडेंट बसवला गेला. आग्नेयेच्या इग्बो मुलखात मात्र बहुतेक ठिकाणी राजाच नव्हता. गावचे निर्णय वडीलधारे, गावसभा आणि बायकांच्या बैठका घेत. मग सरकारने सनदेचा कागद देऊन राजे घडवले. हे ‘वॉरंट चीफ’. ज्यांना गावात मान नव्हता, अशांच्याही हाती कोर्ट आणि वेठबिगारी आली. याला परंपरा म्हणणं ही सरळ फसवणूक होती.

1926 मध्ये पुरुषांची मोजणी झाली आणि 1928 मध्ये त्यांच्यावर कर बसला. म्हणून नोव्हेंबर 1929 मध्ये ओलोको गावात चीफचा माणूस एका बाईच्या अंगणात येऊन ‘शेळ्या-मेंढ्या, माणसं मोज’ म्हणाला, तेव्हा पुढे काय येणार हे तिने ओळखलं. ती पाम तेल काढत होती. “तुझ्या विधवा आईची मोजणी झाली होती का?” असं विचारत तिने तेलकट हातांनीच त्याला धरलं. बघता बघता हजारो बायका उठल्या. त्यांनी चीफांच्या दारात ठाण मांडलं, अधिकाराची खूण असलेल्या त्यांच्या टोप्या मागितल्या, कोर्टं जाळली. गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मेल्या. सरकारदप्तरी ती ‘दंगल’ झाली. इग्बो लोक तिला ‘बायकांचं युद्ध’ म्हणतात, आणि तेच नाव खरं आहे. पुढे वॉरंट चीफांची पद्धत मोडीत निघाली.

फ्रेंचांचं वेगळेपण बरंचसं कागदावरच राहिलं. सेनेगलच्या चार शहरांतल्या मूळ रहिवाशांचं नागरिकत्व 1916 च्या कायद्याने पक्कं झालं. बाकी जवळजवळ सगळे ‘प्रजा’. त्यांना खटल्याविना तुरुंगात टाकायची मुभा अधिकाऱ्याला 1946 पर्यंत होती, आणि गावपातळीवर फ्रेंचांनीही हुकमी चीफच नेमले. फ्रान्सच्या नव्या ‘समुदाया’त राहायचं का, या 1958 च्या सार्वमतात गिनी या वसाहतीने ‘नको’ म्हटलं, तेव्हा जाताना फ्रेंचांनी टेलिफोनसुद्धा उचकटून नेले.